अभ्यास सगळ्यांनी करा, परीक्षा विचार करून द्या: दुकान सांभाळून सीएपीएमची तयारी



मागच्या व्हिडिओत आपण ऑर्डर वेळेवर का निसटतात यावर बोललो. त्यानंतर एकच प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला: "सर, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट घरी अभ्यास करून मिळतं का? आणि माझ्यासारख्या छोट्या व्यावसायिकाला त्याचा उपयोग काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, मिळतं. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकासाठी वेगळं आहे, आणि परीक्षेचे पैसे भरण्याआधी ते शोधायला हवं. या लेखात दोन्ही उत्तरं आहेत, शिवाय बारा आठवड्यांचं वेळापत्रक, आकडेमोडीची दोन उदाहरणं आणि प्रश्न सोडवायची पद्धतही आहे. वही-पेन घेऊन बसा.

आधी हे समजून घ्या: कोणती परीक्षा?

पीएमआय म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही अमेरिकेतली संस्था १९६९ साली सुरू झाली. तिची सगळ्यात नावाजलेली परीक्षा म्हणजे पीएमपी. पण पीएमपीला नुसता अभ्यास चालत नाही. पदवी असली तरी किमान ३६ महिने प्रोजेक्टचं नेतृत्व केल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं.

आपल्यासारख्या सुरुवात करणाऱ्यांसाठी त्याच संस्थेची दुसरी परीक्षा आहे, सीएपीएम. पूर्ण नाव सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट. हिला अनुभवाची अट नाही. बारावी किंवा समकक्ष शिक्षण आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं २३ तासांचं प्रशिक्षण, एवढं पुरतं. म्हणून आज आपण सीएपीएमबद्दलच बोलू.

२०२३ मध्ये बदललेल्या रचनेनुसार पेपर असा असतो:

- एकूण प्रश्न १५०, वेळ ३ तास.
- त्यातले १५ प्रश्न चाचणीपुरते असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कोणते हे कळत नाही, म्हणून सगळेच मनापासून सोडवायचे.
- निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.
- पहिल्या ७५ प्रश्नांनंतर १० मिनिटांची सुट्टी मिळते. सुट्टी घेतली की मागच्या ७५ प्रश्नांकडे परत जाता येत नाही.
- पासिंगचा आकडा संस्था जाहीर करत नाही. "साठ टक्के मिळाले की झालं" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.
- अर्ज मंजूर झाल्यापासून एक वर्षात जास्तीत जास्त तीन वेळा परीक्षा देता येते.
- सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. पुढे टिकवायचं असेल तर त्या काळात शिकण्याचे १५ गुण जमवावे लागतात आणि नूतनीकरणाचं शुल्क भरावं लागतं.

पेपर मराठीत नाही. बहुतेक जण इंग्रजीत देतात. घाबरू नका, त्याचा उपाय पुढे सांगतो.

शुल्क डॉलरच्या हिशेबाने ठरतं आणि बदलत राहतं. सभासद आणि बिगर सभासद यांचे दर वेगळे असतात. म्हणून पीएमआयच्या वेबसाइटवरचा आजचा दरच खरा मानायचा. रक्कम हजारोंच्या घरात जाते, तेव्हा पुढचा भाग नीट वाचा.

पैसे भरण्याआधीचे तीन प्रश्न

मी दुकानदार आहे, म्हणून खर्चाकडे दुकानदाराच्याच नजरेने बघतो. सर्टिफिकेट ही भिंतीवर लावायची वस्तू असेल तर फ्रेमवाल्याचा धंदा होईल, तुमचा नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक: माझा धंदा ऑर्डरवर चालतो की रोजच्या गल्ल्यावर?

परीक्षेतही पहिल्याच पाठात हा फरक येतो. ज्या कामाला सुरुवात आणि शेवट असतो आणि ज्यातून काहीतरी नवीन तयार होतं, तो प्रोजेक्ट. रोज तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, ते ऑपरेशन. मुंबईचे डबेवाले रोज डबे पोचवतात, ते ऑपरेशन. पण त्यांनी उद्या नव्या भागात सेवा सुरू करायची ठरवली, तर ती सुरू होईपर्यंतचं काम हा प्रोजेक्ट. तुमचं किराणा दुकान रोज उघडणं हे ऑपरेशन, दुसरी शाखा काढणं हा प्रोजेक्ट.

इव्हेंट, इंटिरिअर, फॅब्रिकेशन, छपाई, गणवेश, सॉफ्टवेअर, सोलर पॅनल बसवणं, असे धंदे म्हणजे एकामागून एक प्रोजेक्टच. त्यांना ही विद्या रोज लागते.

दोन: माझा ग्राहक सर्टिफिकेट बघतो का?

गल्लीतलं गिऱ्हाईक बघत नाही. पण मोठ्या कंपन्यांची कामं घेणारे, परदेशी ग्राहकांसाठी काम करणारे, किंवा धंदा जम धरेपर्यंत नोकरीचा मार्गही खुला ठेवायचा आहे असे लोक, यांच्यासाठी कागदाला किंमत आहे.

तीन: पुढचे तीन महिने रोज एक तास मला मिळेल का?

सणाचा किंवा सीझनचा काळ असेल तर नाही मिळणार. मग तारीखच पुढची धरा.

तिन्ही उत्तरं "हो" असतील तर परीक्षा द्या. पहिलं "हो" आणि दुसरं "नाही" असेल तर अभ्यास जरूर करा, परीक्षेची फी मात्र मशीनला, मालाला किंवा जाहिरातीला लावा. यात कमीपणा काही नाही. उपयोग विद्येचा असतो, कागद हा तिचा पुरावा. पुरावा मागणारंच कोणी नसेल तर त्यावर खर्च कशाला?

२३ तासांचा घोळ

स्वतः अभ्यास करणाऱ्यांची गाडी इथे अडते. पुस्तक वाचलं, यूट्यूबवर व्हिडिओ पाहिले, हे तास त्या २३ मध्ये धरत नाहीत. माझे व्हिडिओही धरत नाहीत, स्पष्ट सांगतो. तुम्हाला असा कोर्स हवा ज्यात शेवटी चाचणी असते आणि पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं.

ऑनलाइन पर्याय भरपूर आहेत. पीएमआयचा स्वतःचा प्राथमिक कोर्स आहे. कोर्सेरावर गूगलचा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स आहे, तो पूर्ण केला की ही अट भरून निघते. घेण्याआधी दोन गोष्टी बघा: तास किती लिहिले आहेत आणि ते सीएपीएमसाठी धरतात असं स्पष्ट म्हटलं आहे का. प्रमाणपत्राची पीडीएफ जपून ठेवा, अर्जाची तपासणी झाली तर लागते.

"पास होण्याची गॅरंटी" किंवा "खरे पेपर मिळतील" असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. परीक्षेतले प्रश्न चोरून विकणं आणि घेणं दोन्ही नियमाविरुद्ध आहे. सापडलात तर निकाल रद्द होऊ शकतो, आणि पैसे तर गेलेच.

अभ्यासक्रम: कुठे किती वजन?

पीएमआयच्या वेबसाइटवर परीक्षेचा आराखडा फुकट मिळतो. आधी तो डाउनलोड करा, पुस्तक नंतर. चार भाग आहेत:

- मूलभूत संकल्पना: ३६ टक्के
- प्रेडिक्टिव्ह, म्हणजे आधी पूर्ण आराखडा करून चालायची पद्धत: १७ टक्के
- अजाइल, म्हणजे टप्प्याटप्प्याने शिकत जायची पद्धत: २० टक्के
- बिझनेस ॲनालिसिस, म्हणजे ग्राहकाला नक्की काय हवं आहे ते शोधणं: २७ टक्के

गुण धरल्या जाणाऱ्या १३५ प्रश्नांत हे साधारण ४९, २३, २७ आणि ३६ प्रश्न होतात. आता बघा, आकडेमोड आणि तक्ते बघून लोक दुसऱ्या भागावर महिना घालवतात आणि चौथा भाग शेवटच्या दोन दिवसांत उरकतात. प्रत्यक्षात चौथ्याचे प्रश्न दुसऱ्याच्या दीडपट आहेत. वेळ वजनाप्रमाणे वाटा.

माझी पद्धत: हातातलं एक काम निवडा

या संपूर्ण लेखातली मुख्य गोष्ट हीच. पुस्तकातली उदाहरणं पूल बांधण्याची आणि सॉफ्टवेअरची असतात. ती वाचून झाली की विसरतात. त्याऐवजी तुमच्या धंद्यातलं एक खरं, येत्या तीन महिन्यांत करायचं काम निवडा आणि प्रत्येक धडा त्या कामावर लावून बघा. अभ्यास डोक्यात बसतो, आणि परीक्षा द्यायची नाही असं ठरलं तरी तुमचं ते काम नीट पार पडतं. वेळ वाया जाण्याचा प्रश्नच येत नाही.

समजा, शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आहे. ३० दिवसांत माल द्यायचा शब्द दिला आहे. कामं अशी:

- अ. नमुना शिवून शाळेकडून मंजूर करून घेणे: ३ दिवस
- ब. कापड मागवणे (अ नंतर): ६ दिवस
- क. मुलांची मापं घेणे (अ नंतर): ४ दिवस
- ड. कटिंग (ब आणि क दोन्ही झाल्यावर): ५ दिवस
- इ. बिल्ल्याची एम्ब्रॉयडरी बाहेरून करून आणणे (अ नंतर): ८ दिवस
- फ. शिलाई (ड नंतर): १० दिवस
- ग. बिल्ले लावणे, इस्त्री, पॅकिंग (फ आणि इ झाल्यावर): ४ दिवस

आता रस्ते मोजा.

अ-ब-ड-फ-ग: ३+६+५+१०+४ = २८ दिवस
अ-क-ड-फ-ग: ३+४+५+१०+४ = २६ दिवस
अ-इ-ग: ३+८+४ = १५ दिवस

सगळ्यात लांब रस्ता २८ दिवसांचा. यालाच क्रिटिकल पाथ म्हणतात. या रस्त्यावरचं कोणतंही काम एक दिवस लांबलं की सगळी ऑर्डर एक दिवस लांबते. मापं घ्यायला मात्र २ दिवसांची सवड आहे आणि एम्ब्रॉयडरीला तब्बल १३ दिवसांची. या सवडीला फ्लोट म्हणतात.

धंद्यात याचा अर्थ काय? एम्ब्रॉयडरीवाल्याला दिवसातून चार फोन करत बसू नका. फोन करायचा असेल तर कापडवाल्याला करा. आणि ३० दिवसांच्या शब्दात तुमच्याकडे फक्त २ दिवस शिल्लक आहेत, तेव्हा शिलाईवाले कारागीर लग्नाला गावी जाणार आहेत का हे आजच विचारा.

हेच परीक्षेत "अमुक काम तीन दिवस लांबलं, प्रोजेक्टवर काय परिणाम होईल?" असं विचारतात. मापं घेण्याचं काम ३ दिवस लांबलं तर? सवड २ दिवसांची, म्हणून ऑर्डर १ दिवस लांबणार. असे रस्ते तुम्ही स्वतःच्या कामावर मोजले असतील तर हे गणित तोंडी येतं.

दुसरं उदाहरण: पंधराव्या दिवशीच कळणारा तोटा

अर्न्ड व्हॅल्यू हा धडा पाहून भले भले पुस्तक मिटतात. तो गल्ल्याच्या भाषेत समजून घेऊ.

दिवाळीसाठी एका कंपनीला ६०० गिफ्ट हॅम्पर द्यायचे आहेत. एका हॅम्परचा खर्च ५०० रुपये धरला, एकूण बजेट ३,००,००० रुपये. मुदत ३० दिवस, म्हणजे रोज २० हॅम्पर. विक्रीचा भाव प्रत्येकी ५८० रुपये, म्हणजे एकूण ३,४८,००० रुपये येणार. कागदावर नफा ४८,००० रुपये.

पंधराव्या दिवशी मोजलं. व्हायला हवे होते ३००, झाले २४०. खर्च झाला १,४४,००० रुपये.

- ठरल्याप्रमाणे व्हायला हवं होतं तेवढ्या कामाची किंमत (पीव्ही): ३०० × ५०० = १,५०,०००
- खरंच झालेल्या कामाची ठरलेली किंमत (ईव्ही): २४० × ५०० = १,२०,०००
- खरा खर्च (एसी): १,४४,०००

वेळेचा फरक = ईव्ही − पीव्ही = −३०,०००. उणे आलं, म्हणजे मागे आहोत.
खर्चाचा फरक = ईव्ही − एसी = −२४,०००. उणे आलं, म्हणजे जास्त खर्च झाला.
वेळेचा निर्देशांक (एसपीआय) = १,२०,००० ÷ १,५०,००० = ०.८
खर्चाचा निर्देशांक (सीपीआय) = १,२०,००० ÷ १,४४,००० = ०.८३

दोन्ही निर्देशांक १ पेक्षा कमी, म्हणजे दोन्हीकडून मार. आता असाच खर्च चालू राहिला तर शेवटी किती लागेल? बजेट भागिले सीपीआय = ३,६०,००० रुपये. (इथे सीपीआय पूर्ण घ्या, ०.८३ असा तोडून नको.) येणार आहेत ३,४८,०००. म्हणजे ४८,००० नफ्याच्या जागी १२,००० रुपयांचा तोटा!

आणि तो कधी कळला? पंधराव्या दिवशी. अजून ३६० हॅम्पर बाकी आहेत. बॉक्सवाला बदलता येईल, वाया जाणारा माल थांबवता येईल, पॅकिंगची पद्धत बदलता येईल. दिवाळीनंतर हिशेब जुळवत बसलात तर फक्त हळहळ हातात उरते.

सूत्र लक्षात ठेवायची युक्ती: चारही सूत्रांची सुरुवात ईव्हीने होते. फरक काढायचा तर वजाबाकी, निर्देशांक काढायचा तर भागाकार. वेळ असेल तर पीव्ही, खर्च असेल तर एसी.

अजाइल: नवा मसाला बाजारात आणताना

गणवेशाच्या ऑर्डरमध्ये शेवटी काय द्यायचं ते पहिल्या दिवशी माहीत असतं. तिथे आधी पूर्ण आराखडा करायची पद्धत चालते. पण तुम्ही नवा मिसळ मसाला काढताय, लोकांना तिखट किती आवडेल माहीत नाही, पाकीट केवढं हवं माहीत नाही. तिथे वर्षाचा आराखडा करून ५०० किलो मसाला कुटून ठेवणं म्हणजे जुगार. पाच किलो करा, वीस घरांत द्या, दोन आठवड्यांनी विचारा, बदला, पुन्हा करा. हेच अजाइल.

या विचाराचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेत यूटा राज्यात १७ जणांनी मिळून लिहिला. त्यात चार मूल्यं आणि बारा तत्त्वं आहेत, दोन्ही वाचा. स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका, स्क्रम गाइड, फुकट मिळते आणि अगदी छोटी आहे. ती तीनदा वाचा. तीन जबाबदाऱ्या (प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, डेव्हलपर्स), स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा, रोजची बैठक १५ मिनिटांची, स्प्रिंटच्या शेवटी आधी कामाचा आढावा आणि मग पद्धतीचा आढावा. एवढं पक्कं हवं.

बिझनेस ॲनालिसिस: "चांगलं काहीतरी द्या" म्हणजे काय?

ग्राहक म्हणतो, "हॅम्पर चांगला द्या." या वाक्यावर माल भरलात तर भांडण ठरलेलं. विचारा: एका हॅम्परला किती रुपये? कोणत्या तारखेला? एकाच ठिकाणी की पाच शाखांत? साखर न खाणाऱ्यांसाठी वेगळे किती? कंपनीचं नाव छापायचं का? शेवटचं हो-नाही कोण म्हणणार, एचआर की मालक?

प्रत्येक उत्तर एका ओळीत लिहा. पुढे रकाने करा: कोणी सांगितलं, कोणत्या कामातून ते पूर्ण होणार, तपासणार कोण, झालं का. झाला तुमचा रिक्वायरमेंट ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स! नाव मोठं आहे, गोष्ट आपल्या ऑर्डर वहीसारखीच. हा तक्ता एका खऱ्या ऑर्डरसाठी भरा, म्हणजे २७ टक्क्यांची निम्मी भीती जाईल.

प्रश्न कसा सोडवायचा?

या परीक्षेत व्याख्या थोड्या आणि प्रसंग जास्त असतात. नमुना बघा, हा मी स्वतः तयार केलेला आहे:

आराखडा मंजूर झाल्यावर काम निम्मं झालंय. ग्राहक म्हणतो, "शर्टाला एक खिसा आहे, दोन करा." तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?
अ) नकार द्याल. ब) ग्राहक खूश राहावा म्हणून लगेच कराल. क) वेळ आणि खर्चावर काय परिणाम होईल ते तपासाल. ड) मालकाकडे तक्रार कराल.

उत्तर क. आधी परिणाम तपासायचा, मग बदलाची रीतसर मागणी, मग मंजुरी, मग काम. दुकानात आपला हात "ब" कडे जातो, कारण गिऱ्हाईक तुटायची भीती असते. परीक्षेत ब आला की चूक. आणि खरं सांगायचं तर दुकानातही तो महागच पडतो, कारण दुसऱ्या खिशाचं कापड आणि शिलाई फुकट जाते.

अजाइलमध्ये हाच प्रश्न आला तर उत्तर बदलतं. स्प्रिंट चालू असताना ग्राहकाने नवी मागणी केली, तर ती प्रॉडक्ट ओनरकडे जाते. तो तिला बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, योग्य क्रमावर ठेवतो. म्हणून प्रश्न वाचताना आधी ओळखा: काम कोणत्या पद्धतीने चालू आहे?

आणखी चार नियम:

- आधी समजून घ्या, मग कृती करा. "तपासा", "चर्चा करा" असे पर्याय बहुतेकदा "बदला", "काढून टाका" यांच्या आधी येतात.
- माणसाशी मतभेद असेल तर आधी त्याच्याशीच बोला. थेट वर तक्रार हा शेवटचा मार्ग.
- घडू शकतं ते रिस्क, घडलंय ते इश्यू. पाऊस येऊ शकतो ही रिस्क, गोदामात पाणी शिरलं हा इश्यू. दोन्हींचे उपाय वेगळे.
- प्रश्नातला कळीचा शब्द पकडा: फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट, लीस्ट, एक्सेप्ट. शेवटचे दोन शब्द प्रश्न उलटा करतात.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातल्यांसाठी: एक छोटी वही करा. रोज दहा शब्द. डावीकडे परीक्षेतला शब्द, मध्ये सोपा मराठी अर्थ, उजवीकडे तुमच्या धंद्यातलं उदाहरण. स्कोप म्हणजे कामाची हद्द: "गणवेश हो, बूट नाही." बेसलाइन म्हणजे मंजूर झालेला मूळ आराखडा, ज्याच्याशी पुढे तुलना करायची. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याच्यावर कामाचा परिणाम होतो किंवा जो कामावर परिणाम करू शकतो: शाळा, पालक, कारागीर, कापडवाला. साठ दिवसांत सहाशे शब्द होतात. या परीक्षेला कादंबरीचं इंग्रजी लागत नाही, हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

बारा आठवड्यांचं वेळापत्रक

रोज एक तास असे पाच दिवस, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तीन तास. आठवड्याचे ८, एकूण ९६ तास. २३ तासांचा कोर्स यातच बसतो.

- आठवडा १ ते ३: कोर्स सुरू, मूलभूत संकल्पना. स्वतःचं एक काम निवडून त्याचं एक पानी चार्टर लिहा: काय, का, कोणासाठी, कधीपर्यंत, किती रुपयांत, जबाबदार कोण.
- आठवडा ४ आणि ५: कामाची विभागणी, क्रिटिकल पाथ, अर्न्ड व्हॅल्यू. आकडे तुमच्याच कामाचे घ्या.
- आठवडा ६ आणि ७: अजाइल, स्क्रम, कानबान. भिंतीवर तीन रकाने करा: करायचं, चालू आहे, झालं.
- आठवडा ८ आणि ९: बिझनेस ॲनालिसिस. कोर्स पूर्ण करून अर्ज भरा.
- आठवडा १० आणि ११: रोज ४० सराव प्रश्न. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: शब्द कळला नाही, संकल्पना कळली नाही, की घाई केली?
- आठवडा १२: १५० प्रश्नांचे दोन पूर्ण पेपर, घड्याळ लावून. मधले दिवस फक्त चुकांची वही.

एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. ९० मिनिटांत पहिले ७५ प्रश्न व्हायला हवेत. अडलं तर खूण करा, पुढे जा, आणि सुट्टी घेण्याआधी खुणा केलेले प्रश्न बघून घ्या.

सकाळी दुकान उघडण्याआधीचा तास सगळ्यात चांगला. काउंटरवर बसून "गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचतो" असं म्हणू नका. धड वाचन होत नाही आणि गिऱ्हाईकही नाराज होतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तीन महिने हा एक तास माझा.

अर्ज आणि परीक्षेचा दिवस

अर्जात नाव लिहिताना ओळखपत्रावर इंग्रजीत जसं आहे अगदी तसंच लिहा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. जे ओळखपत्र दाखवणार तेच समोर ठेवून अर्ज भरा.

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर जाऊन देता येते किंवा घरून ऑनलाइन. घरी वेगळी खोली, खात्रीचं इंटरनेट आणि तीन तास शांतता नसेल, लाइट जात असेल, तर प्रवास करून केंद्रावरच जा. मध्येच कोणी खोलीत आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते. प्रवासाचे पैसे परवडतात, ते नाही परवडत.

या आठवड्याचा गृहपाठ

फी भरायची घाई नको. आधी एवढंच करा: येत्या तीन महिन्यांतलं एक काम निवडा. त्याची सात-आठ उपकामं लिहा, प्रत्येकापुढे दिवस लिहा, कोणतं कशानंतर ते लिहा आणि सगळ्यात लांब रस्ता शोधा. मग तो आकडा ग्राहकाला दिलेल्या शब्दाशी ताडून बघा.

रस्ता लांब आणि शब्द छोटा निघाला, तर आजच ग्राहकाला फोन करून नवी तारीख ठरवा किंवा माणसं वाढवा. परीक्षा पुढे द्या किंवा देऊ नका, या अभ्यासाची पहिली कमाई तुमच्या हातात आली.

पुढच्या भागात रिस्कची यादी कशी करायची ते बघू. तोपर्यंत धंदा सांभाळा, अभ्यास चालू ठेवा.